साठपटीचं काय घेऊन बसलात?

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण, घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला हटकून एकच प्रश्न विचारतो : किती लांबचं दिसतं? दुकानदारही तयारीचा असतो. तो खोक्यावरचा २०–६० हा आकडा (म्हणजे वीस ते साठ पट) दाखवतो, त्यातल्या साठावर बोट ठेवतो आणि निम्मा व्यवहार तिथेच उरकतो. ऑनलाइन तर ७० मिलिमीटर काचेचे आणि २५–७५पट लिहिलेले स्कोप काही हजारांत मिळतात. नुसता आकडाच बघायचा तर ते तीन लाखांच्या स्कोपहून सरस ठरतात!

हा साठाचा आकडा आपल्याकडे फार थोडा वेळ कामाला येतो. ठाण्याच्या खाडीवर, उजनीच्या काठावर किंवा अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर डिसेंबरातही सकाळचे साडेनऊ-दहा वाजले, की साठपटीत पक्षी उरत नाही, थरथरणारा डाग उरतो. स्कोप कितीही भारी असला तरी यात फरक पडत नाही, कारण दोष काचेचा नसून मधल्या हवेचा असतो. दिवसभर प्रत्यक्ष वापर होतो तो पंचवीस ते चाळीस पटींच्या पट्ट्यात. तेव्हा या पट्ट्यात स्कोप किती उजेड देतो, किती रुंद दाखवतो, डोळ्याला किती सोसतो आणि त्याच्याखालचा ट्रायपॉड किती निश्चल उभा राहतो, हे बघून निवड करायची. साठपट मिळाली तर वरकमाई समजायची.

मुळात स्कोप लागतो कशासाठी? फ्लेमिंगोसाठी तर नक्कीच नाही. शिवडीच्या चिखलात उभे असलेले हजारो रोहित पक्षी साध्या ८×४२ दुर्बिणीतून मनसोक्त दिसतात. मोठा कुठला आणि छोटा कुठला हेसुद्धा चोचीवरून कळतं. स्कोप लागतो तो त्यांच्या पायांशी लगबगीने टिपत फिरणाऱ्या तपकिरी-राखाडी बारक्या किनारपक्ष्यांसाठी. छोटा टिलवा जेमतेम १२ ते १४ सेंटिमीटरचा. कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन हिवाळी पिसाऱ्यात असे काही सारखे दिसतात, की चोचीचा बाक, पायांची उंची आणि उडताना दिसणारं पाठीमागचं पांढरं यांवरच निवाडा करावा लागतो. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरची भुवई दुभंगलेली असते आणि चोच टोकाशी किंचित वाकलेली. चिखल्यांचं, म्हणजे प्लोव्हरांचं, तर विचारूच नका. पूर्वीच्या लेसर सँड प्लोव्हरचे आता सायबेरियन आणि तिबेटन असे दोन तुकडे झालेत, आणि त्यातल्या तिबेटनची चोच थोडी लांब असल्यामुळे तो ग्रेटर सँड प्लोव्हरशी गोंधळ करायला मोकळा. किनाऱ्यावरच्या मोठ्या कुरवांचीही (गल पक्ष्यांची) हीच कथा. शिवाय बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्थांनी पक्ष्यांच्या पायांत घातलेल्या रंगीत पट्ट्या. त्यांच्यावरची अक्षरं पक्षी न पकडता, न उडवता वाचता आली, तर एका पक्ष्याचा प्रवास कळतो. हे काम दुर्बिणीचं नव्हे.

हिशेब सोपा आहे. पक्ष्याच्या अंतराला पटीने भागायचं. २०० मीटरवरचा टिलवा आठपटीच्या दुर्बिणीत २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो, तीसपटीत साडेसहा-सात मीटरवर आणि साठपटीत सव्वातीन मीटरवर. सात मीटरवरच्या टिलव्याची चोच, पाय, भुवई, पाठीवरची पांढरी रेघ सगळं नीट दिसतं. म्हणजे तीसपटीत काम भागतं, मात्र प्रतिमा स्वच्छ हवी. ६५ मिलिमीटरच्या निर्दोष काचेची तपशील वेगळा करण्याची मर्यादा, निव्वळ प्रकाशशास्त्राने काढली तर, २०० मीटरवर दोनेक मिलिमीटर येते. एवढ्यात हे सगळे बारकावे दिसायला हवेत. दिसत नसतील तर काच निर्दोष नाही, ट्रायपॉड हलतोय, नाहीतर हवा आड येतेय. आपल्याकडे बहुतेक वेळा हवाच.

ऊन चढलं की चिखल, वाळू, कातळ तापतात आणि त्यांच्या लगतची हवा तापून वर येते. गरम आणि गार हवेची प्रकाश वाकवण्याची ताकद वेगवेगळी, त्यामुळे पक्ष्याकडून येणारा किरण वाटेत शंभर ठिकाणी किंचित मोडतो. पट वाढवली की पक्ष्याबरोबर ही थरथरही तितकीच मोठी होते. नवशिक्या अशा वेळी फोकसचं चाक मागेपुढे फिरवत बसतो आणि शेवटी स्कोपला नावं ठेवतो. हवेची थरथर ओळखायची खूण अशी : प्रतिमा एखाद्या क्षणी लख्ख होते आणि लगेच विरघळते, शिवाय जमिनीलगत जास्त हलते, वर कमी. तसं असेल तर चाकाला हात लावू नये. पट पंचवीसवर आणावी आणि लख्ख क्षणांची वाट बघावी. शक्य असेल तर उंचावर जावं. बांधावरून किंवा मनोऱ्यावरून बघताना नजरेची वाट तापलेल्या थरातून कमी अंतर जाते. (नांदूर मध्यमेश्वरला किंवा कुठेही मनोऱ्यावर स्कोप लावलात, तर सोबत्यांना मात्र जागेवर उभं राहायला सांगा. एकजण चालू लागला की सगळ्या फळ्या हलतात.) खोल पाण्यावरची हवा चिखलावरच्या हवेपेक्षा बरी असते. गाडीच्या बॉनेटवरून कधीही बघू नये, इंजिनाची ऊब पुरेशी घातक असते. गाडीची काच चढवून तिच्यातून बघणं म्हणजे तर लाखाची काच हजाराच्या काचेमागे ठेवणं.

आता उजेड आणि पाणी. शिवडीची जेट्टी पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी तिथे गेलात तर सूर्य समोर आणि पक्षी काळ्या आकृत्या. भारी स्कोपमध्येही काळ्याच, फक्त कडा रेखीव. शिवडी दुपारनंतरची. उलट पलीकडच्या काठावर, ऐरोलीच्या बाजूला, सकाळचं ऊन पाठीवर येतं. आक्षीसारख्या पश्चिमेकडे बघणाऱ्या किनाऱ्यांवरही सकाळच चांगली. खाडीवर भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय तर घराबाहेर पडूच नये. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या रेषेबरोबर पार आत जातात, तिथे ९५ मिलिमीटरची काचही हात टेकते. भरतीच्या साधारण दोन तास आधी जाऊन उभं राहावं. पाणी चढत येतं तसे पक्षी आपोआप काठाकडे ढकलले जातात. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत ते बरेच जवळ येतात, पण सगळा चिखल बुडाला की एकदम उठून मिठागरांकडे निघून जातात, त्यामुळे मिळणारी वेळ आखूड. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत चिखल पुरता बुडत नाही. पक्षी थांबतात जास्त वेळ, पण लांबच. साठपटीच्या स्कोपपेक्षा भरतीचं कोष्टक पक्षी जास्त जवळ आणतं, आणि ते फुकट मिळतं.

होडीतून फेरी मारणार असाल, म्हणजे भिगवणला कुंभारगावात किंवा ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत, तर स्कोप घरी ठेवा. होडी हलते, ट्रायपॉड हलतो, तीसपटीत सगळं तीस पटीने हलतं. उजनीला स्कोप लावायचा तो काठावर पाय रोवून. पट्टकदंबांचा थवा पैलतीरावर बसलेला असतो तेव्हा.

काचेच्या आकाराकडे वळू. पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि पटीने भागा. येतं ते आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचं माप. आयपीसपासून फूटभर मागे सरून बघितलंत तर ही उजळ चकती डोळ्यांना दिसते. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते. चकती तेवढी असली की प्रतिमा पुरेशी उजळ. तीसपटीत ५५ मिलिमीटरची काच १.८ मिलिमीटर देते, ६५ची २.२ आणि ८५ची २.८. साठपटीत ६५ची काच घसरते १.१वर, ८५ची १.४वर. चकती एक मिलिमीटरच्या आसपास आली की प्रतिमा अंधारते, डोळ्यातल्या द्रवातले तरंगणारे तंतू दिसू लागतात आणि डोळा जरा सरकला की काळोख. कागदावरची साठपट आणि वापरता येणारी साठपट यांत फरक पडतो तो असा.

८५ची काच ६५च्या काचेपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त प्रकाश गोळा करते, हे खरं. तो प्रकाश पहाटे, संध्याकाळी, ढगाळ हवेत आणि पन्नासपटीच्या वर उपयोगी पडतो. त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते. ५५चा चांगला स्कोप आयपीससकट एक किलोच्या आत बसतो, ६५चा दीड किलोच्या आगेमागे जातो, ८५चा दोनच्या आसपास आणि ९५चा त्याच्याही वर. मोठा स्कोप मोठा ट्रायपॉड मागतो, म्हणजे सगळं मिळून साडेचार-पाच किलो. हे वजन घेऊन आक्षीच्या वाळूत दोन किलोमीटर चालता येतं का, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. महिनाभराने स्कोप कपाटावर गेलेला असतो.

माझं सरळ मत : महाराष्ट्रात फिरून पक्षी बघणाऱ्या दहातल्या सात जणांनी ६५चा चांगला स्कोप घ्यावा. दर आठवड्याला गाडीने एकाच पाणवठ्यावर जाऊन तासन्‌तास मोजणी करणाऱ्यांनी ८५ घ्यावा. मोजणी करणाऱ्याला दूरचा थवा चाळायचा असतो आणि तो जागेवरून हलत नाही. डोंगर चढणाऱ्यांनी, रेल्वेने-एसटीने हिंडणाऱ्यांनी आणि वयामुळे ओझं नको झालेल्यांनी ५०-५५चा विचार खुशाल करावा. ९५ आणि ११५ ज्यांना लागतात त्यांना ते आधीच माहीत असतं.

काचेचा दर्जा पहिल्यांदा दिसतो तो कडांवर. साध्या काचेत निळा आणि लाल रंग एकाच जागी फोकस होत नाहीत. त्यामुळे उजळ आणि गडद यांच्या सीमेवर जांभळी-हिरवी झालर येते. खारफुटीच्या काळपट पानांपुढे उभा असलेला बगळा ही याची सगळ्यात कठोर परीक्षा. विसपटीत न दिसणारी झालर चाळीसपटीत डोळ्यांत खुपते. तिच्यामुळे नुसता रंग बिघडत नाही, बारीक तपशीलही पुसला जातो. पाय राखाडी आहेत की हिरवट, या प्रश्नावर ओळख अडलेली असते आणि काच स्वतःचाच रंग मिसळत असते. ईडी (रंग कमी फाकवणारी) काच किंवा फ्लोराइटचा स्फटिक यासाठी वापरतात. कोवा कंपनीच्या वरच्या मालिकेत, ८८च्या टीएसएन-८८३मध्ये आणि छोट्या ५५च्या टीएसएन-५५३मध्येही, शुद्ध फ्लोराइट आहे. स्वारोव्स्की, झाइस, लायका यांचे वरचे स्कोप वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला पोचतात. मात्र खोक्यावर ‘ईडी’ छापलेलं असणं ही हमी नाही. ईडी काचेचे प्रकार अनेक, आणि बाकीच्या भिंगांची घडण ढिसाळ असेल तर एक चांगली काच काय करणार? छापील शब्द वाचू नयेत. बगळा बघावा.

सरळ की तिरका हा वाद बराच चघळला जातो, पण त्यात फारसं काही नाही. तिरका घ्या. त्यात आयपीस ४५ अंशांत वर आलेला असतो, त्यामुळे ट्रायपॉड छातीइतकाच उभारावा लागतो. बुटका ट्रायपॉड जास्त स्थिर आणि हलका. उंच माणूस वाकतो, बुटका माणूस आणि पोर जरा मान वर करतं, पण सगळ्यांना एकाच उंचीवर बघता येतं. झाडाच्या शेंड्यावरचा शिकारी पक्षी बघतानाही मान मोडत नाही. सरळ स्कोपचा फायदा दोनच ठिकाणी : गाडीच्या खिडकीत, आणि उडता पक्षी पटकन पकडताना. तिरक्यात सुरुवातीला पक्षी सापडत नाही ही तक्रार खरी आहे. नळीच्या बाजूला एक केबलची पट्टी आवळून तिचं टोक बंदुकीच्या माशीसारखं उभं ठेवावं. त्याने नेम धरला की काम होतं. आठ-दहा दिवसांत तीही लागत नाही.

आयपीसवर मात्र थांबायला हवं, कारण बघण्याचं सुख किंवा दुःख तिथेच असतं. नेहमीच्या २०–६०च्या झूम आयपीसला खालच्या पटीत दृश्य अरुंद असतं, बोगद्यातून बघितल्यासारखं. वीसपटीत हजार मीटरवर ३५-३६ मीटरचा पट्टा दिसला तरी तो साधारणच म्हणायचा. याउलट लायकाच्या २५–५० आयपीसमध्ये पंचवीसपटीतच ४१ मीटर दिसतात. म्हणजे पट जास्त आणि दृश्यही रुंद. दोन हजार तुतवारांच्या थव्यात वेगळा एक शोधायचा असेल, तर वरच्या दहा पटी सोडून ही रुंदी घेणं केव्हाही शहाणपणाचं. २५–५०, १६–४८, २२–४८ असले आकडे बघून नाक मुरडू नये. झूमचं चाक कुठल्या टोकाला रुंदी देतं, ते माहितीपत्रकातल्या मीटरच्या दोन आकड्यांवरून कळतं.

चष्मेवाल्यांनी आणखी एक आकडा बघावा : डोळा आयपीसपासून किती दूर ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं, तो. १५ मिलिमीटरच्या खाली चष्म्यासकट कडा कापल्या जातात, १७-१८ असेल तर निवांत. छापील आकडा काचेपासून मोजलेला असतो आणि रबराची कड मध्ये येते, म्हणून चष्मा लावून प्रत्यक्ष बघण्याला पर्याय नाही. पट बदलताना हा आकडाही बदलतो. वीसला नीट दिसलं म्हणून खूश होऊ नये, चाळीसला परत बघावं.

दुकानात तपासणी कशी करायची, हे इथे सविस्तर सांगतो, कारण स्कोपमध्ये नगागणिक फरक असतो. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन स्कोप शेजारी लावले तर एक उजवा निघू शकतो. स्वस्तात हा फरक जास्त, महागात कमी, पण महागातही असतो. आधी दुकानाबाहेर या. एसीच्या थंडीतून उघड्या दारातून बघितलं, तर दारातली हवाच थरथरते. सकाळची वेळ ठरवा. स्कोप ट्रायपॉडवर पक्का लावा आणि ५०-६० मीटरवर बारीक छपाईचं काहीतरी, औषधाच्या खोक्याची मागची बाजू चालेल, भिंतीवर चिकटवून घ्या. सगळ्यात खालच्या पटीत फोकस करा, मग पट वाढवत न्या. फोकसचा एकच ठाम बिंदू सापडला पाहिजे, चाक जरा पुढे गेलं तरी बिघाड आणि जरा मागे गेलं तरी बिघाड. ‘इथे बरं दिसतंय, नाही, इथे’ असं चाक घोळवत बसावं लागलं, तर तो नग ठेवून द्या. मग अक्षरं दृश्याच्या मध्यातून कडेला सरकवा. शेवटच्या पाचव्या हिश्शात थोडी धूसरता चालते, निम्म्यापासूनच धूसर होत असेल तर नाही. आकाशापुढची टीव्हीची अँटेना बघून झालर तपासा.

यापुढची परीक्षा रात्रीची. एखादा ठळक तारा सगळ्यात वरच्या पटीत मध्यभागी घ्या आणि फोकस आधी एका बाजूला, मग तितकाच दुसऱ्या बाजूला बिघडवा. ताऱ्याची चकती होते. दोन्हीकडे ती गोल आणि समान दिसली, तर भिंगं सरळ बसलेली आहेत. एका बाजूला शेपूट फुटलं, तर एखादं भिंग तिरकं बसलंय. चकती लांबट होऊन दुसऱ्या बाजूला नव्वद अंशांत वळली, तर तो दोष वेगळा, पण नग तितकाच टाकाऊ. दिवसा हीच परीक्षा दूरच्या स्टीलच्या भांड्यावर चमकणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यावर करता येते. सूर्य मात्र चुकूनही दृश्यात येऊ देऊ नका. क्षणात डोळा जातो, आणि हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

जुना स्कोप घेत असाल तर पुढच्या काचेतून टॉर्चचा झोत टाका आणि आयपीस काढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. ती काचेवरचा लेपच खाते, पुसून जात नाही. चाक फिरवताना कच्‌ लागत असेल, तर आत वाळू गेलेली आहे.

आता ट्रायपॉड. इथे बहुतेकांचा हात आखडतो. दीड लाखाचा स्कोप घेऊन त्याखाली लग्नाच्या फोटोग्राफरने टाकून दिलेली कुरकुरती तिपाई लावणारे पुष्कळ. साधारण धोरण असं ठेवावं, की एकूण पैशांतले पाचवा ते चौथा हिस्सा ट्रायपॉडचे पाय आणि डोकं (स्कोप बसतो तो वरचा भाग) यांसाठी आधीच बाजूला काढायचे. स्वस्त स्कोप पक्क्या ट्रायपॉडवर चांगलं दाखवतो. महाग स्कोप लटपटत्या ट्रायपॉडवर काहीच दाखवत नाही.

डोकं व्हिडिओचं हवं, तेलाच्या घर्षणावर चालणारं, म्हणजे दांडा सोडला की स्कोप तिथेच थांबतो आणि हलवला की झटका न देता सरकतो. बॉलहेड फोटोसाठी उत्तम, स्कोपसाठी वैरी : गोळी सैल केली की स्कोप धाडकन मान टाकतो. डोक्यावर स्कोप बसवायची पट्टी लांब असावी, म्हणजे स्कोप पुढेमागे सरकवून तोल साधता येतो. आयपीस जड असेल किंवा मागे मोबाइल लावला असेल तर तोल मागे झुकतो, तेव्हा पट्टी पुढे सरकवायची. सगळं बसवून झालं की चाळीसपटीत नळीवर टिचकी मारा. प्रतिमा सेकंदाभरात स्थिरावली तर जमलं, दोन-तीन सेकंद लागत असतील तर पाय बारीक आहेत. मधला खांब वर काढायचा नाही. तो काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायावर आला असं समजा. वाऱ्यात पाय आणखी फाकवून, बसून बघावं आणि पिशवी खाली अशी टांगावी की ती जमिनीला टेकलेली राहील. मोकळी लोंबणारी पिशवी वाऱ्याने झुलते आणि झोके स्कोपला देते.

चिखलासाठी एक खास गोष्ट. एरवी पाय उघडताना वरचे जाड भाग आधी काढतात आणि खालचा बारीक भाग सगळ्यात शेवटी. खाडीवर उलट करा : सगळ्यात खालचा भाग आधी वीतभर बाहेर काढा. त्यामुळे सांधे चिखलाच्या आणि खाऱ्या पाण्याच्या वर राहतात. सांध्यात गेलेली रेती आणि मीठ हळूहळू पेचाचे आटे खातात. घरी आल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. मिटून कोपऱ्यात ठेवला, की पुढच्या वेळी पाना शोधावा लागतो.

मोबाइलने फोटो काढायचे असतील तर आयपीसच्या नेमक्या मापाचा अडॅप्टर घ्या. सगळ्या मापांना बसतो म्हणून विकला जाणारा दर वेळी नव्याने जुळवावा लागतो, तोवर पक्षी गेलेला असतो. स्कोप खालच्या पटीत ठेवून काळं वर्तुळ जाईपर्यंत मोबाइलचाच झूम थोडा वाढवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. ओळख पटवण्यापुरता फोटो येतो. भिंतीवर लावण्याजोगा येत नाही.

पैशांचं बोलायचं तर मधली पायरी सगळ्यात शहाणी. अगदी तळाच्या स्कोपमध्ये तीसपटीच्या पुढे काही उरत नाही, त्यापेक्षा बरी दुर्बीण घ्यावी. त्यावर सेलेस्ट्रॉनच्या रीगल एम२सारखे ईडी काचेचे स्कोप, मग निकॉनचे मोनार्क, व्होर्टेक्सचे रेझर, आणि माथ्यावर कोवा, स्वारोव्स्की, झाइस, लायका. तळापासून मधल्या पायरीवर गेल्यावर पक्षी ओळखू यायला लागतात. मधल्यावरून माथ्यावर गेल्यावर तेच पक्षी जास्त सुखाने दिसतात, आणि उजेड कमी असताना, दिवसभर डोळा लावून बसल्यावर हे सुख मोठंच असतं. पण तिप्पट पैशांत तिप्पट पक्षी ओळखता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवताना वॉरंटी कुठल्या देशात चालते, दुरुस्तीला कुठे पाठवायचं आणि कस्टम्सची ड्युटी किती बसेल, हे तिन्ही विचारून घ्यावं. सुटकेसमध्ये घालून आणला तर भिंगं सरकण्याचा धोका असतो, तो हातातल्या बॅगेतच आणायला सांगा.

राहता राहिला पावसाळा, स्कोपचा आपल्याकडचा खरा शत्रू. नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून बंद केलेल्या नळीत आतून बाष्प धरत नाही. तरीही काढता-घालता येणारा आयपीस असेल तर जोडणीच्या जागी पारदर्शक काचेची खिडकी आहे का ते बघा. ती नसेल तर आयपीस काढताच दमट हवा थेट आत जाते, आणि जून ते सप्टेंबर आयपीस काढूच नये. कंपनीच्या कापडी खोळीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला पाहुणचार. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५०च्या दरम्यान राहिला पाहिजे. पुड्यांचे दाणे रंग बदलले की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. एसी गाडीतून कोकणातल्या दमट हवेत उतरलात की काचेवर धुकं धरतं. ते पुसत बसू नका, टोपणं लावून दहा-पंधरा मिनिटं तशीच जाऊ द्या. काच पुसायचीच झाली तर आधी फुंकणीने वाळू उडवा, मग मऊ ब्रश आणि मग द्रवाचा एक थेंब टाकून मायक्रोफायबर. खाडीवरून आल्यावर मिठाचा थर असतो, तो आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने टिपून घ्या, घासू नका. शर्टाचं टोक आणि ओढणीचा पदर या दोन गोष्टी स्कोपपासून लांब ठेवा, विशेषतः ‘मी पण जरा बघू का’ म्हणत पुढे येणाऱ्या उत्साही मंडळींच्या हातातल्या.